तिसरी काढ, दुसरी घाल

त्या खोलीत येणारा प्रत्येक माणूस पिशवीतून बंद पडलेली डिस्क काढून टेबलावर ठेवताना एकच वाक्य बोलायचा, "यात माझं सगळं आहे हो." सगळं म्हणजे कुणाचा प्रबंध, कुणाच्या लग्नाचे फोटो, कुणाच्या कारखान्याचे नकाशे. ऐकून ऐकून तिचे कान किटले होते. पण त्या दिवशी आलेला माणूस ते वाक्य बोलला नाही. त्यानं चार डिस्क बसवलेली काळी पेटी टेबलावर ठेवली, तिच्या शेजारी टॉवेलात गुंडाळलेली पाचवी डिस्क ठेवली आणि म्हणाला, "यात माझ्या ताईचा आवाज आहे."

"गाते का ताई?"

"नाही, ओरडते," तो म्हणाला. मग घसा खाकरून म्हणाला, "ओरडायची."

तिला बाजारातले लोक सुईण म्हणत. बंद पडलेल्या यंत्राच्या पोटातून आतला जीव सुखरूप बाहेर काढायचा, हाच तिचा धंदा. पहिल्यांदा हे नाव कानावर आलं तेव्हा तिला राग आला होता. मग तिला स्वतःला मुलगी झाली, तिची सुटका करणाऱ्या बाईचे हात तिनं जवळून पाहिले, आणि राग कुठल्या कुठे गेला. मुलगी आता भिंत धरून उभी राहायला लागली होती. दिवसभर कोपऱ्यावरच्या पाळणाघरात असायची, आणि पाळणाघराच्या मावशी दिवेलागण झाली की चपला घालूनच दारात उभ्या राहायच्या.

आलेल्या माणसाचा छोटा रेकॉर्डिंग स्टुडिओ होता. जाहिराती, उद्घोषणा, शाळांची समूहगीतं. दिवसभर माइकसमोर "हॅलो, चेक, हॅलो" करायचा म्हणून सगळी गल्ली त्याला हॅलोचेक म्हणायची. "तुम्हीपण तेच म्हणा मॅडम," तो म्हणाला. "खऱ्या नावानं हाक मारली तर मी वळूनसुद्धा बघत नाही."

ताईच्या घशात गाठ निघाली होती. स्वरयंत्र काढावं लागेल, जीव वाचेल पण आवाज जाईल, असं डॉक्टरांनी सरळ सांगितलं. आता अशी सोय निघाली होती की माणसाच्या आवाजातली पुष्कळ वाक्यं आधी साठवून ठेवली, तर पुढे त्यानं टाइप केलेलं काहीही यंत्र त्याच्याच आवाजात बोलून दाखवतं. म्हणून ऑपरेशनच्या आधी हॅलोचेकनं बहिणीला स्टुडिओतल्या स्टुलावर बसवलं, आणि रोज थोडी थोडी करत शेकडो वाक्यं बोलून घेतली. ती संपल्यावर ताईनं आपल्या लेकीसाठी अंगाया म्हटल्या. मग ऑपरेशन झालं. ताई हॉस्पिटलात असतानाच एका सकाळी पेटी पीं पीं करून ओरडायला लागली.

"आणखी कुठे प्रत ठेवली नव्हती?"

"चार डिस्क आहेत ना मॅडम. मला वाटलं, चार प्रती."

सुईण रागावली नाही. दहातले नऊ असंच समजतात. ती म्हणाली, "चार प्रती नव्हेत, दादा. चार बहिणी आहेत असं समजा. एकच गोष्ट चौघींनी वाटून घेतलीय. वाटणी अशी हुशारीनं केलीय की कुणीही एक मुकी झाली, तर बाकीच्या तिघी मिळून तिचा वाटा जुळवून सांगतात. पण दोघी मुक्या झाल्या की गोष्ट संपली. आणि कोण कितवी बसलीय, हा क्रमही बरोबर लागतो. तुम्ही नक्की काय काय केलंत?"

"तिसरी गेली होती. बदलली. एवढंच."

खोटं बोलणारा माणूस नजर चुकवतो. हा मात्र टॉवेलाकडे एकटक बघत होता.

मूळ डिस्कला हात लावायचा नाही, आधी तिची प्रत काढायची आणि सगळी कापाकापी प्रतीवर करायची, हा या धंद्यातला पहिला धडा. सुईणीनं पेटीतल्या चारही डिस्क एकेक करून प्रतीला लावल्या. टॉवेलातली तेवढी बाजूला ठेवली, कारण ती कानाशी धरून एकदाच सुरू केली तेव्हा आतून टक्, टक्, टक् असा आवाज आला. हेड मेली की असा आवाज येतो. हेड म्हणजे फिरत्या तबकडीवर तरंगत अक्षरं टिपणारी टोकं. ती आंधळी झाली की भिंतीवर डोकं आपटावं तशी आपटत राहतात.

प्रती झाल्या आणि सुईण बुचकळ्यात पडली. दुसऱ्या खणातली डिस्क कोरी करकरीत होती. नवीच. म्हणजे बदलली ती दुसरी; हा तर तिसरी म्हणत होता. असेल, माणसं घाबरली की उजवीकडून मोजतात, असं म्हणून तिनं टॉवेलातली डिस्क 'दुसरी' धरली आणि पहिली, तिसरी, चौथी जुळवून पाहिल्या. पडद्यावर नुसता कचरा आला. या तिघींचा क्रम उलटासुलटा केला तरी सुरुवातीला कचराच. मग तिनं तिसऱ्या खणातल्या डिस्कची प्रत पहिल्यापासून उघडून वाचली. सुरुवातीचा चांगला लांबरुंद पट्टा पुसलेला होता. तिथं शून्यांशिवाय काही नव्हतं.

एक बहीण टॉवेलात मुकी पडली होती आणि दुसरीच्या तोंडाला कुणीतरी बोळा फिरवला होता.

तिनं हॅलोचेकला बोलावून घेतलं. दार लावलं, त्याच्यासमोर स्टूल ओढून बसली.

"दादा, वैद्याला सांगतात तसं सांगा. लाज सोडून. कुठली काढलीत, कुठे घातलीत, कशावर बोट दाबलंत."

"दाजींनी सांगितलं तेच केलं मी. शब्द न् शब्द."

"काय सांगितलं दाजींनी?"

"दाजी कंप्युटरमधले. त्या दिवशी ते हॉस्पिटलात, ताईच्या खोलीबाहेर होते. हळू आवाजात बोलत होते बिचारे. मी म्हटलं, तिसऱ्या डिस्कचा दिवा लाल झालाय. ते म्हणाले, गेली ती. तिसरी काढ, दुसरी घाल."

"मग?"

"मग मी तिसरी काढली, दुसरी घातली."

"दुसरी म्हणजे?"

"दुसरी म्हणजे दुसरी, मॅडम. पहिलीच्या नंतरची."

बाहेर कुणीतरी स्कूटर सुरू करायचा प्रयत्न करत होतं, ती सुरू होईना.

"म्हणजे दुसऱ्या खणातली चांगली, चालती डिस्क उपसून तुम्ही तिसऱ्या खणात घातलीत?"

"मलाही जरा विचित्र वाटलं. पण म्हटलं, त्यांना कळतं. मग दाजींनी आणून ठेवलेली नवी डिस्क हातात उरली, आणि दुसरा खण रिकामा. तो रिकामा खण पडलेल्या दातासारखा दिसत होता. म्हणून ती तिथं बसवली."

"आणि पेटीनं काही विचारलं?"

"विचारलं ना. तिसऱ्या खणातली डिस्क नव्यानं तयार करू का? मी 'हो' दाबलं. तिसरी तर बदललीच होती ना मी! मग चहा ठेवला. उकळला, गाळला, परत येऊन बघतो तर फोल्डर नाहीसे. सरळ भिंतीतून वायर उपटली."

"वायर उपटलीत एवढं एक शहाणपणाचं काम केलंत," सुईण म्हणाली. "नाहीतर चहाबरोबर सगळीच डिस्क गेली असती. दाजींना फोन लावा. मोठ्यानं ऐकू येईल असा."

दाजी घरी होते. ताईला घरी आणून थोडेच दिवस झाले होते. झालेला प्रकार ऐकून जो भडका उडाला तो उडालाच.

"अरे, दुसरी म्हणजे दुसरी! वेगळी! नवी!"

"मग नवी म्हणायचं होतंत!"

"दुसरी म्हटलं की माणूस नवीच समजतो रे! आता कुणी म्हणालं, त्यानं दुसरी बायको केली—"

"दाजी, उदाहरण बदला."

"उदाहरण सोड! नवी डिस्क तुझ्या हातात होती, बैला! ती काय लोणी लावून चाटायला आणली होती मी?"

"तुम्ही सांगितलं तिसरी, मग दुसरी. मोजतच होतात ना तुम्ही? मोजता मोजता मध्येच मोजायचं सोडलंत हे मला कसं कळणार?"

तेवढ्यात फोनमधून भांडं आपटल्याचा आवाज आला. मग दाजींचा आवाज, अगदी बारीक झालेला.

"ती मागंच उभी होती," ते म्हणाले. "तिला आपण सांगितलं नव्हतं ना. तिनं सगळं ऐकलं."

दुसऱ्या दिवशी दुपारी तिघंही आली. ताई पुढे, आणि पाठोपाठ ते दोघे, वर्गाबाहेर उभ्या केलेल्या पोरांसारखे. ताई उंच, हडकुळी, गळ्याभोवती निळा स्कार्फ. हातात लेकीची पाटी होती, तिच्या चौकटीला बदकं चिकटवलेली. तिनं स्टूल ओढलं, बसली आणि पाटीवर लिहून सुईणीपुढे धरलं.

"ध चा मा झाला की घात होतो, हे ऐकून होते. या दोघांनी ध चा ध च ठेवला आणि घात केला."

सुईणीला हसू आलं आणि आवरताही येईना. ताईचे खांदे हलले. तिचं हसणं आता एवढंच उरलं होतं, खांद्यातलं.

मग तिनं पाटी पुसली. "खरं सांग. किती उरलंय?"

सुईणीनं खरं ते सांगितलं. काल रात्रभर न झोपता— छे, रात्री ती झोपली होती, लेकीनं झोपू दिलं तेवढी. पण सकाळी सगळ्यात आधी तिनं डिस्कवरचे आकडे पुसून टाकले होते आणि अ, ब, क, ड अशा चिठ्ठ्या लावल्या होत्या. आकडे बंद. ब ला, म्हणजे तिसऱ्या खणात घातलेल्या त्या चांगल्या डिस्कला, तिच्या मूळ जागी बसवलं, आणि काय आश्चर्य, कचऱ्यातून फायलींची नावं वर आली. कुठली फाइल कुठे आहे, ते सगळं कळत होतं. स्टुडिओच्या जुन्या जाहिराती धडधाकट होत्या. पण ताईची वाक्यं आणि ताईच्या अंगाया नेमक्या त्या पुसलेल्या पट्ट्यात होत्या.

"अ आणि ड कडे त्या पट्ट्याचा आपापला वाटा आहे. ब कडचा पुसला गेला. म्हणजे तो पट्टा सांगू शकणारी आता एकच उरली." तिनं टॉवेलातल्या क कडे बोट केलं. "आणि ती आंधळी झालीय. तिला उघडून नवी हेड बसवावी लागतील. पण हेड हुबेहूब तशीच हवीत, त्याच घाण्यातून निघालेली. मी काल बाजारात फिरले, जुळणारी मिळाली नाहीत. तशी हेड फक्त या तिघींकडे आहेत."

"म्हणजे यातली एक फोडायची?" दाजींनी विचारलं.

"ब फोडायची. तिच्यात जे उरलंय त्याच्या दोन प्रती मी काढल्यात, ताडूनही बघितल्यात. तिचं काम संपलंय."

हॅलोचेकनं हळूच मान वर केली. "म्हणजे शेवटी तिसरीत दुसरीच घालायची," तो म्हणाला.

ताईनं पाटी उचलली आणि त्याच्या डोक्यात हलकेच हाणली.

काचेचं कपाट, आत सतत खाली वाहणारी गाळलेली हवा. सुईणीनं केस टोपीत कोंबले, हातमोजे चढवले, तोंडावर पट्टी बांधली. तिघांना भिंतीशी उभं केलं, खोलीचं दार घट्ट लावून घेतलं आणि पंखा बंद केला. या कामात धुळीचा कण म्हणजे रस्त्यात आलेली धोंड, आणि शिंक म्हणजे खून. तिनं ब चं झाकण काढलं, तबकडीवरून हेड अलगद कडेला आणली, एकमेकांना चिकटू नयेत म्हणून त्यांच्यामध्ये छोट्या फणीसारखा दाता सरकवला, आणि त्यांना उचललं. तिळाएवढी टोकं. ती उचलताना ती नेहमी श्वास रोखायची. लेकीची नखं कापतानाही ती असाच श्वास रोखायची, आणि दोन्ही कामांत हात थरथरला तर काय होईल याचा विचार करायचा नाही, हे तिला ठाऊक होतं.

क च्या आत जुनी हेड वाकली होती. तबकडीवर मात्र ओरखडा नव्हता. तिनं ती दिव्याखाली तिरकी धरून पुन्हा पुन्हा पाहिली. नव्हता. ब ची हेड क मध्ये उतरवली, दाता काढला, झाकण लावलं.

"आता बोलू नका," ती म्हणाली.

तिनं वीज दिली. तबकडी फिरायला लागली, सूर चढत गेला. टक्. सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. टक्. आणि मग तिसऱ्यांदा टक् आलंच नाही. फक्त एक बारीक, एकसारखी गुणगुण.

"वाचतेय," सुईण म्हणाली.

दाजींनी टाळ्या वाजवायला हात वर केले, तसे तिनं डोळ्यांनीच खाली घ्यायला लावले. "ही उसनी हेड आहेत. या शरीराची नाहीत. तासभर चालतील, नाहीतर घटकाभर. आणि एकदा बंद केली तर पुन्हा उठतीलच असं नाही. सुरू झालंय ते आता थांबवता येणार नाही."

पडद्यावर पट्ट्याचा नकाशा होता, बारीक बारीक चौकोनांचा. वाचला गेलेला चौकोन हिरवा व्हायचा. हेड अडखळली की लाल. सुईण लाल चौकोन सोडून पुढे उडी मारायची, सोपं ते आधी वेचायची, अवघड मागं ठेवायची. काट्यातून बोरं काढतात तसं काम. खिडकीबाहेरचं ऊन भिंतीवरून खाली उतरायला लागलं, तरी तिला कळलं नाही.

कळलं ते फोन थरथरला तेव्हा. पाळणाघराच्या मावशी.

"अगं, कुठं आहेस? बाटली तोंडात धरत नाही पोरगी. मघापासून नुसता आकांत." मागे तो आकांत ऐकू येत होता. "बाकीची सगळी गेली. मलाही घर आहे बाई."

"मावशी, हिचे बाबा निघालेत. येतीलच. थोडं धरा."

"अगं, तू कोपऱ्यावर तर आहेस!"

कोपऱ्यावरच होती. उठून पळत गेली असती तर रडणं संपायच्या आत पोचली असती. तिनं पडद्याकडे पाहिलं. एक चौकोन लाल झाला, लगेच शेजारचा दुसरा. तिच्याशिवाय या खोलीत कुणालाही कळलं नसतं की आता उडी किती लांब मारायची. तिनं फोन ठेवला, पण कान ठेवून देता येत नाहीत. लेकीचं रडणं तिथंच राहिलं, आणि त्याला तिच्या अंगानं स्वतःच उत्तर दिलं. पान्हा फुटला. कुडत्याच्या पुढच्या भागावर दोन ओले डाग उमटले, मोठे होत गेले. तिचे दोन्ही हात कीबोर्डवर होते. समोर दोन परके पुरुष. तिनं कोपर आवळून घेतले आणि मान खाली घातली.

मागून काहीतरी मऊ येऊन तिच्या खांद्यांवर पडलं. निळा स्कार्फ. ताईनं तो पुढे ओढून तिच्या छातीवर नीट पसरला, टोकाची गाठ मारली. स्वतः तशीच उभी राहिली. गळ्याच्या खळगीत नाण्याएवढं भोक, भोवती लालसर कातडी, आणि श्वासागणिक त्यातून येणारा बारीकसा फुस्स आवाज. तिनं तो झाकला नाही. दाजींनी आणि हॅलोचेकनं एकदमच खिडकीकडे तोंडं फिरवली, जणू बाहेर काहीतरी फार बघण्यासारखं चाललं होतं.

फोन पुन्हा थरथरला. नवऱ्याचा निरोप होता. "घेतली. माझ्या नाकाला चावली. घरी नेतोय."

सुईणीनं मोठा श्वास सोडला, आणि तो पुरता सुटायच्या आत गुणगुण बदलली. सूर किंचित घोगरा झाला. लाल, लाल, हिरवा, लाल.

"थकतायत," ती म्हणाली. तिनं डिस्कच्या पाठीवर थंड हवेचा छोटा पंखा धरला, वाचण्याची दिशा उलटी केली, वेग कमी केला. घोगरेपणा थोडा कमी झाला, गेला नाही. "ऐका. अजून दोन फोल्डर राहिलेत. एकात वाक्यं, एकात अंगाया. दोन्ही होतील असं मी म्हणू शकत नाही. आधी कुठलं घेऊ ते सांगा. आत्ता."

"वाक्यं," हॅलोचेक म्हणाला. "यंत्राला तीच लागतात."

"अंगाया!" दाजी म्हणाले. "पोरगी रोज झोपताना विचारते. मी काय सांगू तिला? आई गेली कुठं म्हणून विचारते, आणि आई तर शेजारीच असते!"

"दाजी, वाक्यं नसतील तर ताई जन्मभर रोबोसारखी बोलेल! टेलिफोन खात्यातल्या बाईसारखी!"

"आणि अंगाई गेली तर ती परत कोण—"

पाटीवर पेन्सिल करकरली. ताईनं एकच शब्द लिहिला होता. वाक्यं.

"अगं, पण—"

तिनं तळहातानं पाटी पुसली आणि पुन्हा लिहायला लागली. हिरवा. लाल. हिरवा. सुईणीची बोटं थांबली नव्हती. तिनं वाक्यांचा फोल्डर उघडला होता, कारण निर्णय जिचा होता, तिनं तो दिला होता. ताईनं पाटी नवऱ्यापुढे धरली.

"अंगाई तुम्ही म्हणा. बेसूर म्हणाल, पण म्हणाल. तिच्यावर माझ्यासारखं ओरडणं तुम्हाला जमेल का?"

दाजींनी ते वाचलं. पुन्हा वाचलं. त्यांनी नुसती मान हलवली. नाही. जमणार नव्हतं.

वाक्यं एकेक करून येत गेली. सुईण आकडे मोजत नव्हती, फक्त नकाशातली ती एक पट्टी बघत होती, डावीकडून उजवीकडे हिरवी होत जाणारी. मध्ये एक जागा अशी आली की हेड सात-आठ वेळा घसरली. तिनं दात आवळले, दोन पावलं मागं नेऊन पुन्हा सोडली, आणि ती पार झाली. पट्टीच्या टोकाला थोडी भगदाडं राहिली. राहू देत, ती म्हणाली, भगदाडं नंतर भरू. आणि श्वास न घेता तिनं अंगायांकडे मोर्चा वळवला.

पहिली अंगाई आली. दुसरीचा अर्धा भाग आला.

टक्.

तिनं हात मागं घेतला नाही. पुन्हा उडी मारली. टक्, टक्, टक्. गुणगुण राहिलीच नाही, नुसतं डोकं आपटणं राहिलं. सुईणीनं वीज तोडली. तबकडी हळूहळू गरगरत थांबली, आणि खोलीत फक्त ताईच्या गळ्यातला फुस्स उरला.

"गेली," सुईण म्हणाली. "क गेली. आता ती पुन्हा उठायची नाही." तिनं दाजींकडे पाहिलं. "अंगाया दीडच."

"दीड पुष्कळ झाली," दाजी म्हणाले आणि त्यांनी नाक पुसलं. "तेवढ्यात झोपते ती."

आता जुळवणी होती. अ, ड आणि क मधून वाचलेला पट्टा. सुईणीनं क्रम दोनदा ताडून घेतला आणि बटण दाबलं. मिळालं ते सगळं आधी दोन वेगळ्या डिस्कवर उतरवलं. एक स्वतःच्या कपाटात ठेवली, दुसरी दाजींच्या हातात दिली आणि म्हणाली, "ही घरी. पेटीच्या शेजारी नाही, घरी. नवी पेटी घ्या, नव्या डिस्क घ्या, चार घ्या नाहीतर आठ. पण घरी एक प्रत असलीच पाहिजे. चार बहिणी एका घरात राहतात, आणि घराला आग लागली तर चौघींना लागते."

"घरी," दाजी म्हणाले आणि डिस्क शर्टाच्या आत, पोटाशी धरली.

वाक्यांची नावं पडद्यावर ओळीनं उभी होती. नुसते क्रमांक. आत काय आहे ते उघडल्याशिवाय कळणार नव्हतं. आणि नाव दिसलं म्हणजे आवाज असेलच असंही नाही, हे सुईणीला पक्कं ठाऊक होतं. नाव शाबूत आणि आत खरखर, असं तिनं पुष्कळदा पाहिलं होतं. तिनं स्पीकर लावले. कुठलं वाजवू म्हणून ताईकडे पाहिलं. ताईचा हात पुढे आला, बोट पडद्यावर थोडं फिरलं, कुठेतरी मधेच टेकलं.

सुईणीनं वाजवलं.

आधी बंद स्टुडिओतली शांतता. मग बाईचा आवाज. जाड, स्वच्छ, थोडा वैतागलेला, घरभर पोचणारा.

"दार लावून घे."

हॅलोचेक उठला. विचार न करता उठला, लहानपणापासून उठत आला तसा. वायरी ओलांडून, स्टुलाला ठेचकाळून दारापाशी गेला आणि त्यानं कडीला हात घातला. दार लावलेलंच होतं.

तो तिथंच उभा राहिला, त्यांच्याकडे पाठ करून, कडीवर हात ठेवून. ताईनं सुईणीच्या दंडाला बोट लावलं आणि पडद्याकडे दाखवलं. पुन्हा.

"दार लावून घे," ताईचा आवाज म्हणाला.

त्यानं कडी काढली, दार थोडं उघडलं, आणि नीट लावून घेतलं.